शेवटच्या अंकाचा उजेड

१९६२ साल, उन्हाळा. युगादी, म्हणजे आपला पाडवा, आठवड्यावर आली होती. त्या दिवसांत मैसूरच्या आमच्या स्टुडिओत वेड्यांच्या इस्पितळाचा सेट उभा राहिला. त्या वेळी सगळे असंच म्हणत. आजच्यासारखे सांभाळून शब्द नव्हते.

स्टुडिओत धूळ आणि किस्से एकाच वेगाने साठतात. धूळ मी रोज पुसायचो. किस्से तसेच राहिले. आता चार जण जमले की म्हणतात, "राव, सांगा की एखादा." एखादा काढला की त्याच्या मागून दुसरा येतो. म्हणून त्या एका पिक्चरचे तेवढे सांगतो. बोलणं सगळं कानडीत झालेलं आहे. मी मराठीत लिहितो, कारण लिहिता येते ती घरातलीच भाषा, तीही चौथीपर्यंतची.

मी लाइटमन. आजोबा महाराजांच्या घोडदळात, वडील पायदळात, मी दिव्यांत.

पिक्चर काळं-पांढरं, खुनाचं. एका शहाण्या माणसाला त्याचा भाऊ इस्टेटीसाठी वेड्यांच्या इस्पितळात कोंडतो. डॉक्टर भावाला सामील. वॉर्डात खून होतो. तो पाहतो फक्त सात नंबरच्या खाटेवरचा म्हातारा पेशंट. आणि वेड्याचं कोण ऐकणार? गोष्ट एवढीच. बाकी सगळा अंधार.

अंधार कॅमेरामनचा. ते मद्रासहून आले होते. पहिल्या दिवशी मी सवयीने सगळा वॉर्ड उजळून टाकला.

"राव, इथे लग्न आहे का?" ते म्हणाले.

निम्मे दिवे विझवायला लावले. मग उरलेल्यांतले निम्मे. शेवटी एकच दिवा राहिला. त्याच्यापुढे खिडकीचे गज धरले. भिंतीवर गजांच्या लांब सावल्या पडल्या.

"आता इस्पितळ झालं."

मी विचारलं, "सर, मग बाकीचे दिवे आणले कशाला?"

"विझवायला!"

* * *

काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये पांढरं चालत नाही. पांढऱ्या कपड्यावर दिवा पडला की पडद्यावर तो नुसता भडकतो, माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणून पांढरा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करायचा. पडद्यावर तोच बगळ्यासारखा दिसतो.

हे काम ड्रेसवाल्या कुप्पण्णाचं. इस्पितळाचं पिक्चर, म्हणजे कोट पांढरे, चादरी पांढऱ्या, नर्सच्या टोप्या पांढऱ्या. कुप्पण्णाने मागच्या अंगणात हंडाच चढवला. दिवसभर चहा उकळायचा. प्यायला मात्र घोटभर मिळायचा नाही.

डायरेक्टरने एकदा गावातल्या एका खऱ्या डॉक्टरांना सेट बघायला बोलावलं. वेड्यांचेच डॉक्टर, मोठं नाव. पांढराशुभ्र कोट घालून आले. आत उकाडा फार. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि डायरेक्टरबरोबर वॉर्ड बघायला गेले. "खाटा अशा नसतात, गज असे नसतात," बरंच काही सांगितलं. परत येऊन बघतात तर खुर्ची रिकामी.

कोट अंगणात दोरीवर होता. ठिबकत होता.

"हा माझा कोट!" डॉक्टर ओरडले. "विलायतेहून आणलेला!"

कुप्पण्णा शांत. "साहेब, डॉक्टर खरा की खोटा ते मी बघत नाही. पांढरं दिसलं की बुडवायचं, असा सरांचा हुकूम आहे."

एवढ्यात कॅमेरामन आले. कोट हातात घेतला, उजेडाकडे धरला, उजेड-सावली बघायची काळी काच डोळ्याला लावून नीट पाहिला.

"वा! कुप्पण्णा, हाच रंग पाहिजे. किती वेळ ठेवला होतास?"

डॉक्टर शर्टावरच निघाले. फाटकाशी थांबले आणि वॉचमनला म्हणाले, "हे फाटक बंद ठेवत जा. आतले लोक बाहेर यायला नकोत."

* * *

इस्पितळाचं फाटक बाहेर, चिंचेखाली उभं केलं होतं. वर मोठी पाटी. पेंटरने ती इतकी खरी रंगवली की लोक औषधाला येऊ लागले.

येलवालहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली. बसमधून उतरून उन्हातून चालत आलेली. नवरा गप्प. तिथे डॉक्टरचं काम करणारा नट कोट घालून बसला होता. बाईने नवऱ्याला त्याच्यापुढे बसवलं.

"डॉक्टर, हा दिवसभर नुसता बसतो. बोलत नाही. ऊठ म्हटलं की उठतो, बस म्हटलं की बसतो. काही करा."

नट बिचारा सज्जन. पिक्चरमध्येच काय तो खलनायक. त्याने समजावलं, "अम्मा, हे इस्पितळ खोटं आहे. मी पण खोटा. हे पेशंट बघा, यांनाही ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. त्याचे त्यांना रोजचे पैसे मिळतात."

बाईने वॉर्डाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"मग ह्याला ठेवून घ्या की! हा तर कधीपासून फुकट करतोय."

डायरेक्टरने त्याला खरंच ठेवून घेतलं. चार नंबरची खाट. सगळ्या पेशंटांत कॅमेऱ्याकडे एकदाही न बघणारा तो एकटाच. आम्ही त्याला चिडवायचो, खायला द्यायचो. पंधरवड्यात माणूस हसायला लागला, बोलायला लागला. मग डायरेक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "बिघडला!" आणि त्याला घरी पाठवून दिलं.

* * *

सात नंबरच्या खाटेवर नरसप्पा मेष्ट्रू होते. मेष्ट्रू म्हणजे मास्तर. नाटक कंपनीतले जुने नट. जन्मभर गावोगाव राजे, ऋषी आणि राक्षस केले. कंपनी मोडली, कपडे-पडदे विकले गेले, तेव्हा या वयात हे पहिलं पिक्चर मिळालं. काम छोटं, पण शेवटचा सीन त्यांचा. म्हातारा गजांमागे उभा राहून सगळं सांगतो: मला वेडा म्हणा, पण खून मी पाहिला. त्यावर पिक्चर फिरतं.

मेष्ट्रूंना अंधारात उभं राहता येत नसे.

तसे ते बोलायला चांगले. पाठांतर चोख. पण नाटकातला नट उजेड हुंगतो. दिवा कुठे आहे ते त्याला कातडीला कळतं. कॅमेरामनने त्यांना अंधारात उभं करावं, डोळ्यांवर बोटभर पट्टा टाकावा, आणि मेष्ट्रूंनी दुसऱ्या वाक्याला सरकत सरकत उजेडात यावं. जमिनीवर खडूची रेघ मारली. ओलांडली. विटा लावल्या. ओलांडल्या.

"मेष्ट्रू, अंधारातच उभं राहायचं!"

"अय्यो, अंधारात कशाला बोलू? मी कोण चोर आहे?"

शेवटी कॅमेरामन चिडले. मेष्ट्रूंचा पाय खाटेच्या पायाला दोरीने बांधायला लावला. चित्रात पाय दिसणार नव्हते. शॉट सुरू झाला. मेष्ट्रू पहिलं वाक्य बोलले. दुसरं बोलले. मग घर्र घर्र आवाज यायला लागला.

खाटेसकट उजेडात आले!

सगळे हसले. डायरेक्टर हसला नाही. त्याने मेष्ट्रूंना बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेवटच्या सीनपर्यंत हे सुटलं नाही तर मी मद्रासहून दुसरा माणूस आणीन. झालेलं सगळं त्याच्यावर पुन्हा घेईन."

मेष्ट्रू खाटेवर जाऊन बसले. दोरी स्वतः सोडली. माझ्याकडे बघून म्हणाले, "नाटक पडदा पडला की संपतं रे. हे राहतं म्हणतात."

* * *

खिडकीबाहेर पाऊस पाडायचा सीन होता. रबरी नळीने वरून पाणी सोडलं होतं. पाणी आत आलं, फरशी ओली झाली. मी अनवाणी. दिव्याचा स्टँड हलवायला हात लावला आणि हात चिकटला.

शॉक लागला की ओरडता येत नाही. मी सगळं बघत होतो, सगळे मला बघत होते. कुणाला कळेना मी असा का उभा आहे. मेष्ट्रूंना कळलं. त्यांनी खाटेजवळचं लाकडी स्टूल उचललं आणि माझ्या हातावर असं हाणलं की मी एकीकडे आणि दिवा दुसरीकडे.

हात मोडला. जीव राहिला.

डायरेक्टर धावत आला. पहिला प्रश्न असिस्टंटला. "कॅमेरा चालू होता?"

"नाही, सर."

"छे!"

मग मला विचारलं, "लागलं का?"

हाड बसवणाऱ्याने फळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मी एका हाताने कामावर गेलो. आमच्यात घरी पडून राहायची चाल नाही.

* * *

रात्री बायको म्हणाली, "जीव दिला त्या माणसानं तुम्हाला. सुम्ने, नुसते काय बसलात? उगवतीला जावा, शाल-नारळ देऊन या. देणं ठेवू नये कुणाचं."

देणं ठेवायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागत नाही. पण गेलो.

मेष्ट्रू एका धर्मशाळेत खोली घेऊन राहत. मी शाल आणि नारळ पुढे केले. त्यांनी नारळ तेवढा घेतला, शालीला हातही लावला नाही.

"शाल? अरे, कंपनीत असताना एवढ्या शाली मिळाल्या की त्यांचा पडदा शिवला असता. नेऊन बायकोला दे."

"मेष्ट्रू, मला देणं ठेवायचं नाही."

"मग उजेड दे."

मला कळलं नाही. ते नारळ हातात फिरवत बोलू लागले.

"आमच्या कंपनीला पेट्रोमॅक्स. नंजनगूडच्या जत्रेत रात्रभर नाटक. पहिल्या अंकाला लख्ख. दुसऱ्याला बरा. शेवटच्या अंकापर्यंत हवा गेलेली, बत्ती काळी पडलेली. आणि माझं मोठं भाषण नेमकं शेवटच्या अंकात! राजा मरतो. किती वर्षं मेलो मी! मागच्या लोकांना राजा मेला की झोपला हे कधी कळलंच नाही. नुसता आवाज ऐकून उठून जायचे." नारळ खाली ठेवला. "इथे एवढे दिवे. वाटलं, चला, एकदा तरी शेवटचा अंक उजेडात होईल. तर तुमचा तो मद्रासवाला! त्यालाही माझा शेवटचा अंक अंधारातच पाहिजे."

"हुकूम त्यांचा असतो, मेष्ट्रू. मी नुसता दिवा धरतो."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, शाल घेऊन जा."

मी शाल घेऊन परत आलो. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"देणं वाढलं," मी म्हटलं.

* * *

खून झालेल्या वॉर्डबॉयचं काम बसप्पाचं. तालमीतला गडी, अंगाने आडवा. त्याने मरून पडायचं होतं आणि मेष्ट्रूंनी मागून, अंधारातून, त्याच्याकडे बघायचं होतं.

काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये लाल रक्त पातळ दिसतं. म्हणून मेकअपवाल्याने काकवीत काजळ कालवून ते बसप्पाच्या छातीवर ओतलं. चिकट, दाट, छान दिसलं. बसप्पा मेला. कॅमेरा चालू झाला. सगळीकडे शांतता.

मग मेलेल्या बसप्पाचा उजवा हात हळूच वर आला. छातीवर खाजवलं. पुन्हा होता तिथे जाऊन पडला.

"कट! बसप्पा, तू मेलायस!"

"हो, सर."

पुन्हा. या वेळी डावा हात.

"अरे, मेलेला माणूस खाजवतो का?"

"सर, मी मेलोय," बसप्पा पडल्या पडल्याच म्हणाला. "मुंग्यांना कुणी सांगितलं नाही!"

खरंच, काकवीला लाल मुंग्यांची रांग लागली होती. त्याला धुतलं, पुसलं, पुन्हा मारलं. आता बसप्पा अगदी दगड होऊन पडला. दात-ओठ खाऊन पडला. शॉट संपत आला. आणि त्याच्यामागे मेष्ट्रू, सावकाश, अंधारातून निघून उजेडात येऊन उभे राहिले.

बसप्पा उठून बसला. "मी एवढा मेलो ते कशाला?" त्याच्या डोळ्यांत पाणी. दंडावर गांधी उठल्या होत्या.

डायरेक्टर ओरडला नाही. तेच वाईट. ऑफिसकडे बघून म्हणाला, "मद्रासला ट्रंक कॉल लावा. त्या दुसऱ्या माणसाला सांगा, परवाच्या गाडीने ये." मग मेष्ट्रूंना म्हणाला, "उद्या सकाळी शेवटचा सीन. एकदाच घेणार. मोठा माणूस म्हणून एकदा. त्यानंतर मला बोलू नका."

* * *

दुसऱ्या दिवशी बाहेर टळटळीत ऊन. आत रात्र.

मेष्ट्रू गजांमागे उभे. कॅमेरामनने एक दिवा ठेवला, त्यालाही काळ्या पुठ्ठ्यांनी दोन्हीकडून कापला. डोळ्यांवर बोटभर पट्टा. बाकी माणूस अंधारात. त्या पट्ट्याचा दिवा माझ्या हाती. मी मेष्ट्रूंपासून दोन हातांवर.

तालीम झाली. तिसऱ्या वाक्याला पाय सरकला. कॅमेरामनने मान फिरवली. डायरेक्टर घड्याळ बघत म्हणाला, "तयार राहा. आता घेतोच."

सगळे आपापल्या जागी जाईपर्यंत थोडा वेळ असतो. तेवढ्यात मी म्हटलं, "मेष्ट्रू."

"काय?"

"हे अंधारात बोला."

"तू पण?"

"हलू नका. एवढा पट्टा सोडून इंचभर इकडे नाही, तिकडे नाही. हे त्यांचं. ते झालं की इथले सगळे दिवे तुमचे."

मेष्ट्रूंनी माझ्याकडे पाहिलं. अंधारात त्यांचे डोळेच दिसत होते.

"तुला हुकूम कोण देणार?"

"कुणी नाही."

"नोकरी जाईल, राव."

"माझी जाईल. तुमची राहील."

"शब्द?"

"आमच्याकडे शब्द दोनदा देत नाहीत."

"सायलेन्स!" डायरेक्टर ओरडला.

मेष्ट्रू बोलले. पहिलं वाक्य. दुसरं. तिसऱ्याला मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. अंगठा फरशीत रुतवला होता. पाय हलला नाही. राजाचा आवाज नव्हता तो, ऋषीचाही नव्हता. हळू बोलत होते. कंपनीत असं हळू बोलले असते तर पहिल्या रांगेने दगड मारले असते. मला वेडा म्हणा, म्हणाले. पण मी पाहिलं. मग गजांवरची बोटं एकेक करून सोडली.

"कट," डायरेक्टर म्हणाला. मग ऑफिसकडे बघून म्हणाला, "मद्रासला कळवा, येऊ नको म्हणावं."

लोक हलायला लागले. असिस्टंटने कॅमेऱ्यातली फिल्म काढून डब्यात भरली. चहावाला आत आला. कुप्पण्णा कोट गोळा करायला लागला.

मी स्विचबोर्डाकडे गेलो. इतक्या वर्षांत कॅमेरामनच्या शब्दाशिवाय मी एक दिवा लावलेला नव्हता. एका हाताने एकेक खटका वर केला. पहिल्यांदा वॉर्डातले. मग माळ्यावरचे. मग मोठे, जे या पिक्चरला एकदाही लागले नव्हते. सगळा सेट पांढरा झाला. खाटा, भिंती, खोटे गज, भिंतीला टेकवलेल्या शिड्या, लोकांचे घामट चेहरे, सगळं दिसायला लागलं. लोक हात डोळ्यांवर धरून उभे.

"राव!" प्रॉडक्शन मॅनेजर ओरडला. "वेड लागलं का?"

मेष्ट्रू गजांच्या मागून बाहेर आले. मधोमध येऊन उभे राहिले. अंगावर पेशंटचा सदरा, चहात बुडवलेला. त्यांनी तो सारखा केला. हनुवटी वर केली. आणि राजा मरायला लागला.

नाटकातलं भाषण. मोठ्या आवाजाचं, मागच्या रांगेसाठीचं. चहावाला किटली खाली ठेवून जागेवरच बसला. मग बसप्पा बसला. एकेक जण खाली बसत गेला.

मॅनेजर बोर्डाकडे यायला निघाला. कॅमेरामनने हात आडवा धरला. ते मेष्ट्रूंकडे बघत होते, डोळ्याला काच लावून. कॅमेरा रिकामा होता.

"राव," ते म्हणाले, "डावीकडचा थोडा खाली घे. डोळ्यांखाली सावली पडते आहे."

मी एका हाताने शिडी धरत माळ्यावर चढलो आणि डावीकडचा खाली घेतला.

राजा गुडघ्यावर आला. एक हात टेकला. शेवटचे शब्द बोलला, आडवा झाला, आणि मेला. सगळ्यात मागे बसलेल्यालाही दिसलं.

मी खाली उतरून मेन स्विच ओढला. देणं फिटलं.